विषाणूचे पाठभेद

1918 च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस खात्यातले सात शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता, आणि सातांपैकी एक जण गोदीवर नेमलेला होता. पाठोपाठ एका जहाज कंपनीची माणसं आजारी पडली, मग पोर्ट ट्रस्टची, मग टांकसाळीतली आणि गिरणीतली. शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांचा संशय मेअखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजावर होता. त्यावरच्या खलाशांनी हा इन्फ्लुएन्झा शहरात आणला, असं त्यांचं म्हणणं. सरकारचं म्हणणं नेमकं उलटं होतं. खलाशांनाच तो आजार मुंबईत जडला, असं सरकार सांगत राहिलं. हा वाद मिटला नाही, आणि तेव्हा मिटण्याजोगाही नव्हता, कारण इन्फ्लुएन्झा कशानं होतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढता आला तो 1933 साली. पुरावाच नसल्यामुळे ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा तर्क धरला: शहराच्या आरोग्य खात्याला बंदर दोषी वाटलं, आणि साम्राज्याच्या कारभाऱ्यांना हिंदुस्थानातलं शहर.

शंभर वर्षांनी, कोविडच्या साथीत, हा वाद सोडवू शकेल असं साधन हाताशी होतं. विषाणूची जनुकीय संहिता आता एका दिवसात वाचता येते, आणि हजारो रुग्णांकडून मिळालेल्या संहिता एकमेकींशी ताडून साथ कुठून, केव्हा आणि किती वेळा आली याचा अंदाज बांधता येतो. मात्र या साधनानं दिलेलं उत्तर टर्नरना पटलं नसतं आणि सरकारलाही रुचलं नसतं. साथ एका जहाजातून येते हेही खरं ठरलं नाही आणि एका माणसाकडून येते हेही नाही. ती शेकडो वेळा येते, त्यातल्या बहुतेक वेळा आपोआप विझते, आणि जिथं पहारा बसवलेला असतो तिथून ती फारशी येत नाही. हे एकदा मान्य केलं तर ‘पहिला रुग्ण कोण’ आणि ‘कोणत्या देशानं आपल्याला हे दिलं’ हे दोन्ही प्रश्न बाजूला पडतात. वर्तमानपत्रांना, सरकारांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेच दोन प्रश्न सर्वांत आवडतात, ही गोष्ट वेगळी.

आधी पद्धत पाहू, कारण तिची ताकद आणि तिच्या मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. बाराशेंहून अधिक हस्तलिखितं त्यासाठी ताडून पाहिली गेली. पोथी नकलून घेताना लेखनिकाच्या हातून चूक होते, ती चूक त्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या सगळ्या नकलांत उतरते, आणि म्हणून दोन दूरच्या पोथ्यांत एकच चूक सापडली की त्यांचा पूर्वज एक, असा निष्कर्ष निघतो. वि. सं. सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाठभेदांवरून पोथ्यांची कुळं लावली. विषाणूंची वंशावळ लावायची रीत तत्त्वतः हीच आहे. कोविडच्या विषाणूची संहिता सुमारे तीस हजार अक्षरांची. पेशीत शिरून तो स्वतःच्या नकला काढतो तेव्हा अधूनमधून एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या रुग्णाकडे जाते. या चुका साधारण ठरावीक वेगानं साठतात, महिन्याला सुमारे दोन. त्यामुळे दोन नमुन्यांत किती अक्षरांचा फरक आहे यावरून त्यांचा समाईक पूर्वज किती आठवड्यांपूर्वीचा, याचा हिशेब मांडता येतो. संहितेला स्थळाचा शिक्का नसतो, काळाची खूण मात्र असते.

या वेगातच मोठी अडचण दडलेली आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे संसर्ग जायला चारपाच दिवस लागतात आणि अक्षर बदलायला दोन आठवडे. म्हणजे लागोपाठच्या तीन-चार रुग्णांची संहिता अक्षरशः एकसारखी असू शकते. अमक्यानं तमक्याला आजार दिला, असं नुसत्या संहितेवरून सांगता येत नाही. दोन नमुन्यांचा संबंध नाही, हे मात्र ती खात्रीनं सांगू शकते. संबंध सिद्ध करण्यापेक्षा तो खोडून काढण्यात या शास्त्राचा हात बसलेला आहे, आणि पुढं येणाऱ्या उदाहरणांत बहुतेक वेळा त्यानं हेच केलेलं दिसेल. महासाथीच्या काळात ‘जिनोमवरून सिद्ध झालं’ अशा थाटाच्या ज्या बातम्या आल्या, त्यांतल्या पुष्कळशा या एका कसोटीवर गळून पडतात.

ब्रिटनचं उदाहरण सर्वांत तपशीलवार अभ्यासलेलं आहे. मार्च 2020 मध्ये तिथं विद्यापीठं, सार्वजनिक आरोग्य यंत्रणा आणि प्रयोगशाळा एकत्र आल्या, आणि पहिली लाट ओसरेपर्यंत त्या देशाकडे जगात सर्वाधिक संहिता जमल्या होत्या. ऑक्सफर्ड आणि एडिनबरा इथल्या संशोधकांनी पन्नास हजारांहून अधिक संहितांचा वृक्ष उभा केला. त्यांपैकी 26,181 ब्रिटनमधल्या होत्या. हा अभ्यास जानेवारी 2021 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकट्या पहिल्या लाटेत विषाणू ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे हजारांहून अधिक वेळा शिरला आणि तिथं पसरू लागला, असं त्यातून दिसलं. या आगमनांचा कळस मार्चच्या मध्याला होता. सुमारे एक तृतीयांश आगमनं स्पेनमधून झालेली असावीत, त्याखालोखाल फ्रान्समधून, मग इटलीतून. थेट चीनमधून आलेल्यांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

आता त्याच काळात ब्रिटनच्या सरकारची नजर कुठं होती ते पाहावं. फेब्रुवारीत हुबेई प्रांत, इराण आणि उत्तर इटलीतली काही गावं इथून आलेल्यांनी घरी थांबावं, असा सल्ला होता. स्पेन आणि फ्रान्सची नावं त्या यादीत नव्हती. 11 मार्चला लिव्हरपूलमध्ये फुटबॉलचा सामना झाला, त्याला माद्रिदहून सुमारे तीन हजार प्रेक्षक आले. त्या वेळी स्पेनमधले स्वतःचे सामने रिकाम्या मैदानात खेळवायचं ठरलं होतं. 13 मार्चला, म्हणजे आगमनं शिगेला पोचत असतानाच, प्रवाशांसाठीचा हा सल्लाही मागे घेतला गेला. सर्व देशांतून येणाऱ्यांना चौदा दिवसांचं विलगीकरण सक्तीचं झालं ते 8 जूनला. तोवर देशातच साथ इतकी पसरली होती की बाहेरून येणाऱ्यांनी तिच्यात फारशी भर पडत नव्हती. यादीतल्या देशांवर लक्ष आणि यादीबाहेरच्या देशांकडून संसर्ग, हा घोळ फक्त ब्रिटनचा नाही. अमेरिकेनं फेब्रुवारीच्या सुरुवातीला चीनमधून येणाऱ्यांवर बंदी घातली, युरोपवर मार्चच्या मध्याला. न्यूयॉर्कमधल्या पहिल्या रुग्णांच्या संहिता वाचल्या तेव्हा विषाणू प्रामुख्यानं युरोपातून आल्याचं आढळलं. आइसलंडमध्ये तर साथीची सुरुवात आल्प्समधल्या स्कीइंगच्या मुक्कामांवरून परतलेल्यांनी केली, आणि त्यांतली काही ठिकाणं तेव्हा धोक्याच्या यादीत नव्हती.

इथं एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. संहितेला स्थळाचा शिक्का नसतो असं आत्ताच म्हटलं, मग स्पेन एक तृतीयांश आणि चीन अर्ध्या टक्क्याहून कमी, हे कळलं कसं? उत्तर असं की हे फक्त जिनोममधून कळलेलं नाही. मार्च 2020 मध्ये स्पेन, फ्रान्स आणि इटलीतले विषाणू एकमेकांशी इतके मिळतेजुळते होते की संहितेवरून ते वेगळे ओळखणं अवघडच होतं. संशोधकांनी संहितांवरून आगमनाच्या तारखा काढल्या, त्या तारखांना कोणत्या देशात किती साथ होती आणि तिथून रोज किती माणसं ब्रिटनमध्ये उतरत होती हे आकडे त्यांना जोडले, आणि मग वाटण्या केल्या. म्हणजे देशाचं नाव हा अनुमानाचा भाग, तारीख हा त्यापेक्षा भक्कम भाग. शिवाय हजार हा आकडा कमीत कमी आहे. ज्या रुग्णांची चाचणीच झाली नाही त्यांच्या शाखा वृक्षावर येणारच नाहीत. या सगळ्यानं आकड्यांची धार थोडी बोथट होते हे मान्य. पण युक्तिवाद ज्यावर उभा आहे ती गोष्ट, आगमनं एक नसून शेकड्यांनी होती ही, यामुळे ढळत नाही. त्रुटी दुरुस्त केली तर आकडा वाढेलच.

आलेला प्रत्येक विषाणू रुजतोच असं नाही, ही बाब तर चर्चेत क्वचितच येते. भारतातला पहिला ज्ञात रुग्ण 30 जानेवारी 2020 रोजी केरळमध्ये नोंदला गेला. त्यानंतरचे दोन रुग्णही केरळचे, आणि तिघंही वुहानहून परतलेले विद्यार्थी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं त्यांपैकी दोघांच्या नमुन्यांतून विषाणूची पूर्ण संहिता वाचली. दोन्ही एकाच शहरातून आलेले, तरी दोन्ही संहिता हुबेहूब एक नव्हत्या. म्हणजे पहिल्या दोन नमुन्यांतच दोन वेगळी आगमनं होती. या तिघांकडून पुढं साथ पसरली नाही. मार्चमध्ये देशभर जी साथ दिसू लागली तिची मुळं दुसरीकडे होती. तरीही वृत्तवाहिन्यांच्या कालपटात साथीची सुरुवात म्हणून याच विद्यार्थ्यांचा उल्लेख होत राहिला, हे त्या मुलांवर अन्यायाचं आहे. न्यूझीलंडमध्ये हीच गोष्ट मोजून पाहता आली, कारण तिथं पहिल्या लाटेतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या, म्हणजे 649 जणांच्या, संहिता वाचल्या गेल्या. इतक्या एकाकी देशातही जगभरच्या जवळजवळ सगळ्या शाखा येऊन पोचल्या होत्या. त्यांपैकी फक्त 19 टक्के आगमनांतून एकाहून अधिक माणसांना संसर्ग झाला. बाकीची जागच्या जागी संपली.

या शास्त्राच्या विश्वासार्हतेबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची हकीकत टाळता येत नाही. तिथं जानेवारी 2020 मध्ये वुहानहून परतलेला एक रुग्ण सापडला. तो अमेरिकेतला पहिला ज्ञात रुग्ण. सहा आठवड्यांनी त्याच काउंटीतल्या, परदेशी न गेलेल्या एका रुग्णाची संहिता वाचली तेव्हा ती पहिल्या रुग्णाच्या संहितेची थेट वंशज वाटली. फेब्रुवारीच्या अखेरीस सिअॅटलचे संशोधक ट्रेव्हर बेडफर्ड यांनी जाहीर केलं की विषाणू सहा आठवडे गुपचूप पसरत असावा. या इशाऱ्यानं सिअॅटल लवकर जागं झालं, ते बरंच झालं. पण सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं पुन्हा सोडवायला घेतलं. पहिल्या रुग्णापासून साथ सुरू झाली असती तर वंशवृक्ष कसा दिसला असता, हे त्यांनी संगणकावर पुन्हा पुन्हा घडवून पाहिलं. मधल्या टप्प्याच्या, एकाच बदलाच्या शाखा तिथं दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या कुठंच नव्हत्या. म्हणजे पहिल्या रुग्णाचा विषाणू त्याच्यापाशीच संपला होता आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास दुसरा, त्याच्याशी जवळचं नातं असलेला विषाणू स्वतंत्रपणे आला होता. जर्मनीतल्या बव्हेरियातही तसंच. तिथल्या एका कारखान्यात जानेवारीत झालेला उद्रेक सोळा रुग्णांवर आवरला गेला, पण इटलीतली साथ त्यातूनच निसटून गेली असावी अशी कुजबुज होती. त्याच अभ्यासानं ती शक्यताही जवळपास निकालात काढली. आरोग्य खात्यांनी धावाधाव करून ते दोन्ही उद्रेक विझवले होते, आणि सहा महिने त्यांच्या यशाची नोंद अपयश म्हणून झाली होती.

यावर कोणी म्हणेल, मग असल्या अस्थिर शास्त्रावर भिस्त ठेवायची कशाला? आज एक म्हणतं, सहा महिन्यांनी दुसरं. मला याउलट वाटतं. पहिला निष्कर्ष चुकला तो संहिता खोटी होती म्हणून नाही; मधल्या शाखा न सापडण्याचा अर्थ तेव्हा तपासला गेला नव्हता म्हणून. सामग्री उघड असल्यामुळेच दुसऱ्या गटाला ती तपासून निष्कर्ष फिरवता आला. 1918 मध्ये टर्नर आणि सरकार यांच्यापैकी कोणालाही खोडून काढणं अशक्य होतं, हा मोठा फरक आहे.

भारताबद्दल असा हिशेब मांडायचा तर सामग्री तोकडी पडते, आणि ती तोकडी का हेच जास्त बोलकं आहे. जानेवारीत विमानतळांवर तपासणी सुरू झाली ती चीनहून येणाऱ्यांची. सर्व देशांतून येणाऱ्यांची तपासणी सुरू व्हायला मार्चची 4 तारीख उजाडली. चाचणी कोणाची करायची याचा नियमही ठरावीक देशांतून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले, असाच होता. ज्यांची चाचणी होईल तेच सापडणार, त्यामुळे रुग्ण यादीतल्याच देशांतले निघाले आणि यादी बरोबर असल्याचा भास होत राहिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं 15 फेब्रुवारी ते 2 एप्रिल या काळात तीव्र श्वसनविकारानं इस्पितळात आलेल्या 5,911 रुग्णांची चाचणी केली तेव्हा 104 जणांना कोविड निघाला. त्यांतल्या 40 जणांचा परदेश प्रवास नव्हता आणि कोणा ज्ञात रुग्णाशी संपर्कही नव्हता. यादीच्या चौकटीबाहेर बघितल्याबरोबर चित्र बदललं. त्याच सुमारास हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रानं भारतातल्या 361 संहिता एकत्र लावल्या, तर त्यांतल्या 41 टक्के एका वेगळ्याच शाखेच्या निघाल्या. जगात इतरत्र विरळ असलेली ही शाखा फेब्रुवारीत एकाच आगमनातून भारतात रुजली आणि पसरली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. काही महिन्यांत युरोपमार्गे आलेल्या, अधिक वेगानं पसरणाऱ्या शाखेनं तिला मागे सारलं. या दोन वाक्यांत भारतातल्या पहिल्या वर्षाची जवळजवळ सगळी कथा आहे: एक आगमन फळलं, मग दुसऱ्यानं त्याला झाकून टाकलं.

दुसऱ्या वर्षाची कथा महाराष्ट्रातली आहे. डिसेंबर 2020 मध्ये ब्रिटनमध्ये अल्फा हा नवा प्रकार सापडला. भारतानं ब्रिटनची विमानं थांबवली आणि त्याच महिन्यात दहा प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळं स्थापन केलं. पुण्यातल्या दोन संस्था त्यात होत्या. बाधित नमुन्यांपैकी पाच टक्के वाचायचे असं ठरलं; तेवढे ते त्या काळात वाचले गेले नाहीत. 24 मार्च 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जी माहिती दिली तिच्यात 10,787 नमुन्यांपैकी 771 चिंताजनक प्रकारांचे होते: 736 ब्रिटनमधल्या प्रकाराचे, 34 दक्षिण आफ्रिकेतल्या, एक ब्राझीलमधल्या. तिघंही पाहुणे. त्याच निवेदनात खाली असंही म्हटलं होतं की महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र दिसताहेत आणि ते यादीतल्या कुठल्याही प्रकाराशी जुळत नाहीत. अमरावतीत त्याच्या महिनाभर आधी, 22 फेब्रुवारीला, टाळेबंदी लावावी लागली होती. या कुळाचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर 2020 मधले, भारतातलेच. त्याच कुळातली दुसरी शाखा पुढं डेल्टा नावानं जगभर गेली. पाहुण्यांना शोधण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेला घरात जन्मलेलं दिसलं, पण उशिरा दिसलं, आणि दिसल्यावरही त्याला चिंताजनकांच्या रकान्यात जागा नव्हती. प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांना मी दोष देणार नाही; नमुने वेळेवर येत नव्हते, आणि काय शोधायचं हे वरून ठरलेलं होतं.

मग हाच डेल्टा भारतातून इंग्लंडला गेला, आणि तिथं त्याची वाट आपल्यापेक्षा चांगली नोंदली गेली. इंग्लंडमधल्या 52,992 आणि उर्वरित जगातल्या 93,649 संहितांच्या अभ्यासातून दिसलं की डेल्टा तिथं हजाराहून अधिक वेळा शिरला. 23 एप्रिल 2021 पासून भारतातून येणाऱ्यांना हॉटेलात सक्तीचं विलगीकरण सुरू झालं. त्याचा उपयोग झाला. विलगीकरणानंतर आलेल्यांकडून पुढं कमी संसर्ग गेला. पण इंग्लंडमधली डेल्टाची लाट ज्या शाखांनी व्यापली त्या बंदी लागू होण्याआधीच रुजल्या होत्या. सीमा बंद करणं व्यर्थ असं मी म्हणतो आहे असा कोणाचा समज झाला असेल तर हे उदाहरण आणि न्यूझीलंडचं उदाहरण शेजारी ठेवून पाहावं. न्यूझीलंडनं 19 मार्च 2020 रोजी एकाच वेळी सगळ्या देशांतल्या परकीयांसाठी सीमा बंद केली आणि आठवड्याभरात देशांतर्गत टाळेबंदी लावली. इंग्लंडनं एका देशाचं नाव घेऊन, त्या देशातली साथ दूरचित्रवाणीवर दिसू लागल्यावर. देशाच्या नावानं घातलेली बंदी नेहमी उशिरा येते, कारण त्या देशात प्रकार सापडेपर्यंत तो तिथून निघालेला असतो.

ओमायक्रॉननं हे पुन्हा दाखवलं, आणि त्यात एक शिक्षाही होती. दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवाना इथल्या प्रयोगशाळांनी नोव्हेंबर 2021 मध्ये तो ओळखला. 24 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं. दोन दिवसांत ब्रिटन आणि पाठोपाठ युरोप-अमेरिकेनं दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांची विमानं थांबवली. त्यानंतर नेदरलँड्सनं जुने नमुने तपासले, तर 19 आणि 23 नोव्हेंबरच्या नमुन्यांत ओमायक्रॉन होताच. भारतात 2 डिसेंबरला पहिले दोन रुग्ण जाहीर झाले. दोघंही कर्नाटकातले, आणि त्यांतला एक त्या सुमारास परदेशी गेलेलाच नव्हता. ज्यानं प्रामाणिकपणे शोधलं आणि जाहीर केलं त्या देशाची पर्यटनाची कमाई बुडाली. पुढच्या वेळी एखादा देश नमुने वाचायलाच टाळाटाळ करू लागला, तर नवल वाटायला नको.

व्यक्तींच्या बाबतीत ही शिक्षा अधिक क्रूर असते. एड्सच्या साथीत उत्तर अमेरिकेतल्या एका विमान कर्मचाऱ्यावर ती साथ आणल्याचा ठपका ठेवला गेला होता. त्याच्या मृत्यूनंतरही तो तीस वर्षं पुसला गेला नाही. 2016 मध्ये 1978-79 सालचे जतन केलेले रक्तनमुने वाचले गेले. एचआयव्ही न्यूयॉर्कमध्ये 1971 च्या आसपासच कॅरिबियन बेटांकडून आला होता, आणि त्या माणसाचा विषाणू वृक्षाच्या मुळाशी नव्हे तर मधल्या एका फांदीवर होता. तो हजारोंपैकी एक रुग्ण होता, एवढंच. संहितांच्या साह्यानं निरपराध ठरलेला तो बहुधा पहिलाच ‘पहिला रुग्ण’. यावर संसर्गाचा माग घेण्यासाठी व्यक्ती शोधावीच लागते असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे, पण ते काम आरोग्यसेवकाच्या वहीत, गुप्त राहून व्हायचं असतं. त्यासाठी संहितेच्या सार्वजनिक भांडारात गाव आणि वय लिहायची गरज नाही. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे दुबईहून परतलेल्या कुटुंबांची नावं गल्लीगल्लीतल्या व्हॉट्सॲपवर फिरली. त्यानं साथ एका दिवसानंही लांबणीवर पडली नाही. लोक लक्षणं लपवायला मात्र शिकले.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: हे सगळं साथ येऊन गेल्यावर कळतं, मग उपयोग काय? पूर्ण वंशवृक्ष मागाहूनच उभा राहतो, हे खरं. पण त्यातून जे धोरण निघतं ते आधीच अमलात आणता येतं. कोणत्याही देशाचं नाव न घेता, येणाऱ्या प्रवाशांपैकी काही टक्के चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडायचे. त्यांचे आणि विमानांतल्या सांडपाण्याचे नमुने वाचायचे. आणि त्याच वेळी विदर्भातल्या किंवा कोकणातल्या सरकारी दवाखान्यात श्वसनविकारानं येणाऱ्यांचेही तितक्याच नियमानं वाचायचे, कारण पुढचा प्रकार बाहेरूनच येईल असं कोणी सांगितलेलं नाही. खर्च मोठा नाही. साथ नसताना तो चालू ठेवायची चिकाटी लागते, आणि तीच आपल्याकडे दुर्मीळ आहे. 24 डिसेंबर 2022 पासून भारतानं परदेशातून येणाऱ्या प्रत्येक विमानातल्या दोन टक्के प्रवाशांची अशी चाचणी सुरू केली होती. देश कोणताही असो, निवड यादृच्छिक. तत्त्व अगदी योग्य होतं. 20 जुलै 2023 पासून ती बंद करण्यात आली.